तम्मण्णांची फटफटी आणि अंजनीची पिवळी साडी

मित्रांनो, बेळगावजवळ वडगाव आहे. तिथल्या विणकरांच्या गल्लीत तम्मण्णांचं घर आहे आणि त्या घराच्या परसात, पेरूच्या झाडाखाली, एक गंजलेली फटफटी उभी आहे. तिच्या सीटवर कोंबडी बसते, हँडलवर पंचा वाळतो, आणि येणारा-जाणारा तिच्याकडे एकदा बघून दुसरीकडे मान वळवतो. ती फटफटी म्हणजे मी. आज मी जे सांगणार आहे ते मला आठ वर्षांपूर्वीच सांगायचं होतं, पण आम्हा यंत्रांना वेळेवर बोलता येत नाही.

मला माझ्या आवाजाचा फार गर्व होता, हे आधीच कबूल करते. ‘फटफटी’ हे नावच मुळी आवाजावरून पडलेलं. माझा आवाज एकसारखा, भरीव आणि गोड होता. पुढे जे काही वाईट झालं, ते त्या आवाजापायीच झालं.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात १९२४ साली झाला. तिथून बोटीने मुंबईला आणि मुंबईहून रेल्वेने बेळगावला आले. इथल्या कॅम्पात पलटणीचा एक गोरा साहेब होता, त्याने मला मागवलं होतं. माझी टाकी तेव्हा काळी कुळकुळीत होती आणि तिच्यावर सोनेरी रेघ होती. साहेबाचा नोकर मला रोज पुसायचा. रविवारी साहेब मला घेऊन खानापूरच्या जंगलाकडे शिकारीला जायचा. वाटेतली माणसं बैलगाड्या कडेला घेऊन माझ्याकडे बघत राहायची. मला वाटायचं, आपला जन्म असाच जाणार.

मग साहेबाची बदली झाली. त्याने माझ्या टाकीवर दोनदा थाप मारली आणि तो टांग्यात बसून स्टेशनाकडे गेला. मी फाटकापाशी उभी होते. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर मला गुंजीच्या मारुतीरावांनी घेतलं. गुंजी हे खानापूर भागातलं गाव. तिथे रेल्वे स्टेशन आहे आणि चारी बाजूंना जंगल. मारुतीरावांचा लाकडाचा धंदा होता. मोठाल्या सागाच्या ओंडक्यांवर करवती चालायच्या आणि खाली भुशाचे ढीग पडायचे. मारुतीराव वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही, पण माझ्याकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नाही. पावसाळ्यात तांबड्या चिखलात माझी चाकं अर्धी बुडायची. मागे एक माणूस, त्याच्या हातात करवत, पुढे टाकीवर दोरखंडाचं वेटोळं, आणि वरून मारुतीराव स्वतः. गिअरच्या डब्यात तेल घालायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. सहा-सात वर्षांत माझ्या गिअरचे दाते झिजून बोथट झाले. मी चालू लागले की पोटातून कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. गुंजीतली माणसं हसायची. “मारुतीरावांच्या फटफटीला हाळी द्यायला नको, ती लांबूनच रडत येतीया,” असं म्हणायची.

मग मारुतीरावांनी मला विकायचं ठरवलं. दोन गिऱ्हाइकं आली, माझं कण्हणं ऐकून हात हलवत परत गेली. तेव्हा एक दिवस मारुतीरावांनी करवतीखालचा बारीक भुसा चाळून घेतला, तो ग्रीसमध्ये कालवला आणि माझा गिअरचा डबा उघडून आत ठासून भरला. मित्रांनो, मला तेव्हा बरंच वाटलं. दाते एकमेकांवर घासत होते ते त्या मऊ लगद्यात गुंडाळले गेले. माझं कण्हणं थांबलं. दुखणं तसंच होतं, पण आता ते बाहेर कुणाला ऐकू जाणार नव्हतं. आणि ते मलाही सांगता येणार नव्हतं.

१९३८ सालच्या थंडीत तम्मण्णा गुंजीला आले. मागाला बसवायला त्यांना चांगलं मुरलेलं लाकूड हवं होतं. उंच, सडपातळ माणूस, डोक्याला पांढरा पटका, बोटं लांब आणि सारखी काहीतरी चाचपून बघणारी. लाकूड निवडून झालं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

“मारुतीराव, ही इकायची हाय म्हणं?”

“घेणारा जाणता मिळाला तर इकायची. कुणाच्याबी गळ्यात बांधायची न्हाय.”

“जरा चालू करून दावा की.”

मारुतीरावांनी लाथ मारली आणि मी सुरू झाले. परसाला दोन फेऱ्याही मारल्या. तम्मण्णांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी डोळे मिटले, मान एका बाजूला कलती केली आणि कानात जीव आणून ते ऐकत राहिले. विणकर असंच करतो, हे मला नंतर वडगावात कळलं. माग नीट चालला आहे की नाही हे तो डोळ्यांनी बघत नाही. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे धावतो, तो धागा ठोकणारी फणी आपटते, आणि त्या आवाजात जरा फरक पडला की विणकराला कळतं, कुठेतरी धागा गेला. तम्मण्णांचा कान तर साऱ्या गल्लीत नावाजलेला. शेजारच्या घरातल्या मागाचा धागा तुटला तरी ते इथून ओरडून सांगायचे.

“लई सरळ आवाज हाय,” ते म्हणाले. “कुटं अडखळत न्हाय.”

“पोटात बघायचं असंल तर खोलून दावतो,” मारुतीराव म्हणाले. त्यांचा हात पाना शोधत होता, पण पाना काही लवकर सापडत नव्हता.

“खोलायचं कशाला? माग खोलून कोण बघतंय व्हय? कान हाय की मला.”

मी जिवाच्या आकांताने कण्हायचा प्रयत्न केला. पण भुशाने तोंड बांधलं होतं. जितका जोर लावला तितका माझा आवाज अधिक गोड आला आणि तम्मण्णा हसले. ती त्यांची पहिली फटफटी होती.

त्यांना चालवता येत नव्हती, म्हणून माझं पेट्रोल काढून मला गुंजी स्टेशनावर मालडब्यात चढवलं. बेळगाव स्टेशनापासून वडगावापर्यंत तम्मण्णांनी मला हाताने ढकलत आणलं. वाटेत खडेबाजारात ते मुद्दाम थांबले आणि ज्या व्यापाऱ्याला साड्या द्यायचे त्याला मला दाखवलं. दारात रुक्माबाई, म्हणजे तम्मण्णांच्या पत्नी, ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या दिव्यावर कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

“आता ह्या घरची लेक झालीस गं बाई,” त्या म्हणाल्या. “माझ्या माणसाला सांभाळून ने, सांभाळून आण.”

त्या वेळी मला लाज वाटली. पोटात भुसा घेऊन मी ते कुंकू लावून घेत होते.

कॅम्पातल्या एका ड्रायव्हरने तम्मण्णांना चालवायला शिकवलं. ते तीनदा पडले, एकदा तर बोरीच्या झुडपात. पण महिनाभरात हात बसला. मग साड्यांचं गाठोडं मागे बांधून ते मला घेऊन बाजाराला जाऊ लागले. रस्ते सपाट होते आणि ओझं हलकं, त्यामुळे माझं निभावलं. घरी आलो की ते मला मागाच्या खोलीच्या खिडकीशी उभं करायचे. मी पुसायचं फडकं पांघरून उभी असायची आणि आतून मागाचा खटक-खटक आवाज यायचा. इतक्या मायेने मला साहेबानेही कधी पुसलं नव्हतं. ते मला पुसताना मागाशी बोलतात तसंच माझ्याशी बोलायचे.

त्यांची एक सवय मला तिथेच कळली. रुक्माबाई जेवायला हाक मारायच्या आणि आतून उत्तर यायचं, “धागा तुटलाय. जोडतो आणि आलो.” मग भाकरी थंड होवो की पाहुणा खोळंबो. तुटलेला धागा जोडल्याशिवाय मागावरून उठायचं नाही, ही त्यांच्या घराची तीन पिढ्यांची रीत होती. वडिलांनी शिकवलेली ही एक गोष्ट तम्मण्णांनी कधी मोडली नाही.

आता तम्मण्णांच्या बहिणीबद्दल सांगते. थोरली बहीण मालुबाई निपाणीला असायची. नवरा लवकर वारला, तेव्हा तिची मुलगी अंजनी चार वर्षांची होती. मालुबाईने तंबाखूच्या वखारीत काम करून मुलीला वाढवलं. बापाच्या जागी मामाच होता. अंजनी लहान असताना वडगावला यायची, मागाशेजारी बसायची आणि विचारायची, “मामा, माझी साडी कवा इणणार?” तम्मण्णा म्हणायचे, “तुज्या लग्नात. पिवळी. मीच इणणार आणि मीच आणणार.”

इकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. लग्नात नवरी मुहूर्ताला जी पिवळी साडी नेसते ती मामाकडची, आणि तिचा हात धरून तिला बोहल्यावर आणतो तोही मामाच. अंजनीचं लग्न १९३९ च्या वैशाखात ठरलं, निपाणीलाच, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या मुहूर्तावर.

तम्मण्णांनी साडी विणायला घेतली. हळदीसारखी पिवळी, लाल काठाची. बाजाराची साडी ते आठवड्यात काढायचे, हिला महिना लागला. जरा कुठे धागा जाड वाटला की उसवून पुन्हा विणायचे. त्यामुळे लग्नाचा आदला दिवस उजाडला तरी हातभर साडी विणायची बाकीच होती. रुक्माबाई त्या दिवशी सर्व्हिस मोटारीने, म्हणजे तेव्हाच्या बसने, पुढे निघाल्या.

“साडी आज सांजंला उतरंल न्हवं?” त्यांनी विचारलं. “मग उद्याच्या पहिल्या मोटारीनं या. आक्का वाट बघत असतील.”

“मोटारीनं कशाला? दारात फटफटी असताना?” तम्मण्णा म्हणाले. “दर बारीला तिथली माणसं इचारत्यात, मामा आला का मागच्या मोटारीनं येतोय. उद्या बघतीलच मामा कसा येतोय ते.”

रुक्माबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं मला माहीत नाही. मला मात्र ओरडून सांगायचं होतं, रुक्माबाई, त्यांना मोटारीनेच यायला लावा. इथून निपाणी चाळीस-पंचेचाळीस मैल. मध्ये दोन घाट. माझ्याने व्हायचं नाही.

पहाटे दिसू लागताच आम्ही निघालो. साडी पांढऱ्या धोतरात गुंडाळून तम्मण्णांनी पाठीला बांधली होती. नवा पटका, नवा कोट. काकती गाव मागे पडलं. वंटमुरीचा घाट मी दात-ओठ खाऊन चढले, पण त्या चढावर पोटातला भुसा तापून करपू लागला. मला तो वास येत होता. माझं जुनं कण्हणं हळूहळू वर येऊ लागलं आणि, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. वाटलं, आता यांना ऐकू जाईल.

ऐकू गेलंही. संकेश्वरला ते थांबले. त्यांनी मला उभ्या जागी चालू ठेवलं, डोळे मिटले आणि मान कलती केली. पण उभ्या जागी ओझं नव्हतं, चढ नव्हता. मी पुन्हा गोड वाजले. “वारा असंल,” ते स्वतःशी म्हणाले. त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि मला पुढे दामटलं. संकेश्वरात सर्व्हिस मोटार थांबते. तिथे मी बंद पडले असते तरी सारं नीट झालं असतं. माझ्या हातात तेवढंही नव्हतं.

नऊच्या सुमाराला आम्ही तवंदीच्या घाटात आलो. तिथून रस्ता खाली उतरतो आणि समोर निपाणी दिसते. तंबाखूच्या वखारींची लांबलचक कौलं, देवळाचा कळस, झाडी. जेमतेम दोन कोस. तम्मण्णांनी हात वर करून डोळ्यांवर धरला, बघितलं आणि ते हसले. उतारासाठी त्यांनी गिअर खाली टाकला. तेव्हाच माझ्या आतला एक दाता तुटला, गिअरच्या दोन दातेरी चाकांमध्ये अडकला आणि माझं मागचं चाक जाम झालं. आम्ही दहा-बारा हात घसरत गेलो. तम्मण्णांनी मला पडू दिलं नाही. त्यांना लागलंही नाही.

त्यांनी आधी पाठीवरची साडी चाचपली. मग मला कडेच्या करंजाच्या झाडाखाली ओढत नेलं आणि पाना काढून गिअरचा डबा उघडला.

आतून काळा लगदा बाहेर आला. त्यांनी तो बोटावर घेतला, चोळला, नाकाशी धरला. मागाचं लाकूड पारखणारा माणूस तो. त्यांना वास लगेच ओळखता आला.

“सागाचा भुसा,” ते हळूच म्हणाले.

मग ते खाली बसले. मारुतीरावांना त्यांनी एक शिवी दिली नाही. उजव्या हाताने ते आपला कान चोळत होते. मला वाटलं, आता उठतील, साडी उचलतील आणि चालू लागतील. नऊ वाजून गेले होते. बाराच्या आत सहज चालत पोचण्याइतका वेळ होता.

पण ते उठले नाहीत. त्यांनी कोट काढून फांदीला लावला, बाह्या सारल्या आणि भुसा काढायला सुरुवात केली.

दहाच्या सुमाराला भावकू नावाचा एक शेतकरी बैलगाडी घेऊन आला. निपाणीच्या बाजाराला निघाला होता.

“काय झालंया, आप्पा? कुटं निघालायसा?”

“भाचीचं लगीन हाय निपाणीत. मी मामा.”

“मामा? मग हितं काय करतायसा? मुहूर्त कितीचा?”

“बारा ईसचा.”

“मग बसा की गाडीत. वेळंवर सोडतो तुमास्नी. ऱ्हाऊ दे ती फटफटी हितंच, कोण उचलून नेतंय?”

तम्मण्णांनी मान वर केली नाही. तुटलेल्या दात्याचा तुकडा ते सुईने कोरून काढत होते. मागावर धागे उचलायची सुई त्यांच्या कोटात नेहमी असायची. “एवढं एक निघालं की आलोच. आमच्यात तुटलेला धागा जोडल्याबिगर उठत न्हाईत.”

भावकूने वाकून गिअरच्या उघड्या डब्यात पाहिलं. मग म्हणाला, “हा माग न्हवं, आप्पा.”

त्याने बैलांना हाकललं आणि गाडी वळणाआड गेली. गाडीच्या घुंगरांचा आवाज मी बराच वेळ ऐकत होते. मित्रांनो, माझा जीव तीळतीळ तुटत होता. मला सोडा आणि जा, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. माझ्यावर एवढी माया नका करू. मी लोखंड आहे, मला घाई नाही. उद्या या, महिन्याने या, मी इथेच असेन. तिकडे मुलगी एकदाच नवरी होणार आहे.

पावणेअकराला सर्व्हिस मोटार आली, रुक्माबाईंनी ज्या मोटारीने या म्हणून सांगितलं होतं तीच. कंडक्टरने ओळखलं आणि मोटार थांबवली. “तम्मण्णा, एक जागा हाय, या.” तम्मण्णा उठले. साडीचं गाठोडं त्यांनी हातात घेतलं, दोन पावलं टाकली, आणि खिडक्यांतून त्यांच्याकडे बघणारी ओळखीची तोंडं त्यांना दिसली.

“फटफटी घाटात टाकून मोटारीनं आला म्हणत्याल,” ते पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, “व्हा तुमी पुढं. झालंच हाय.”

मोटार गेली. तिची धूळ साडीवर बसू नये म्हणून त्यांनी गाठोडं छातीशी धरलं होतं.

अखेर तो तुकडा निघाला. चाक फिरू लागलं. तम्मण्णांच्या तोंडावर हसू आलं, घामाने आणि काळ्या ग्रीसने माखलेलं हसू. त्यांनी डबा बंद केला, लाथ मारली, आणि मी सुरू झाले. त्यांनी सवयीने डोळे मिटून ऐकलं. माझा आवाज तोच होता, एकसारखा आणि गोड. त्यांनी गिअर टाकला. आतून खडखड झाली आणि चाक पुन्हा जागच्या जागी जाम झालं. त्यांनी पुन्हा गिअर टाकून बघितला. पुन्हा तेच.

तेव्हा त्यांचं लक्ष आपल्या सावलीकडे गेलं. सावली पायाखाली आली होती.

त्यांनी मला बंद केलं. कोट घालायचाही विसरले. साडी उचलली आणि ते उतारावरून पळत सुटले. चाळिशीचा माणूस, नव्या वहाणा हातात घेऊन, वैशाखाच्या उन्हात पळत होता. वळणापर्यंत मला ते दिसले.

पुढचं मी पाहिलं नाही. चौथ्या दिवशी बैलगाडीत घालून मला वडगावला आणलं, तेव्हा रुक्माबाई शेजारणीला सांगत होत्या ते ऐकलं. मालुबाईंनी भटजींच्या हातापाया पडून अक्षता थांबवायला लावल्या होत्या. अंजनी दाराकडे बघत बसली होती. शेवटी घटका टळते म्हणून कोणीतरी धावत जाऊन दुकानातून पिवळी साडी आणली, आणि शेजारचा मष्णू मामाच्या जागी उभा राहिला. तम्मण्णा पोचले तेव्हा पंगती बसल्या होत्या. अनवाणी, काळे हात, छातीशी गाठोडं. मालुबाईंनी ते गाठोडं हातात घेतलंच नाही.

“मुहूर्ताची साडी मुहूर्त झाल्यावर काय करू रं, तम्मा?” एवढंच त्या म्हणाल्या.

तम्मण्णा ती साडी परत घेऊन आले. पेटीत खाली ठेवली. मला परसात पेरूच्या झाडाखाली उभं केलं. ते माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी मला पुन्हा कधी दुरुस्तही केलं नाही आणि विकलंही नाही. “मी फसलो, अजून एकाला कशाला फसवू?” असं म्हणाले.

खरं नुकसान मला परसातून ऐकू यायचं. पूर्वी त्यांचा माग सलग चालायचा. आता दहा-वीसदा खटक-खटक व्हायचं आणि थांबायचं. ते वाकून डोळ्यांनी धागे बघायचे. एकही तुटलेला नसायचा. पुन्हा सुरू करायचे, पुन्हा थांबायचे. त्यांचा आपल्या कानावरचा विश्वास उडाला होता. मी खिडकीपासून पंधरा हातांवर उभी होते आणि मला काहीच करता येत नव्हतं.

निपाणीला ते परत गेले नाहीत. पहिल्या दिवाळीला मामाने भाचीकडे जायचं असतं, ते गेले नाहीत. तिला मुलगी झाली, निरोप आला, तेव्हाही रुक्माबाईच एकट्या गेल्या. “कुठल्या तोंडानं जाऊ?” ते म्हणायचे. लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं, जुनं लोखंड गोळा करणारे दोनदा दारात येऊन गेले. तम्मण्णांनी त्यांना परसात येऊ दिलं नाही. अशी आठ वर्षं गेली. माझ्या टाकीवरची सोनेरी रेघ गेली, चाकांत गवत उगवलं.

मग ऑगस्टात स्वातंत्र्य आलं. गल्लीत पताका लागल्या, मुलांनी एक कागदी झेंडा माझ्या हँडललाही बांधला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी नागपंचमी आली, आणि पंचमीच्या सकाळी दारात अंजनी उभी राहिली. बरोबर सात वर्षांची जयवंता, तिची मुलगी. कोणी बोलावलं नव्हतं. “पंचमीला म्हायेरला आलीया, मामा,” एवढंच ती म्हणाली.

 तम्मण्णा आत गेले, पेटी उघडली आणि साडी घेऊन परसात आले. अंजनीने ती उलगडली. पिवळा रंग तसाच होता, काठ तसाच लाल. पण आठ वर्षं एकाच घडीत राहून साडी घडीवर विरली होती. अंजनीच्या हातात ती वीतभर फाटली.

“थांब,” तम्मण्णा म्हणाले. “जोडून देतो.” त्यांनी सुई आणली आणि माझ्या शेजारच्या दगडावर बसून ते धागा न धागा जोडू लागले.

आत पानं वाढली होती. रुक्माबाईंनी दोनदा हाक मारली. जयवंता दारात येऊन उभी राहिली.

“मामा, जेवाय चला. पोरगी थांबलीया तुमच्यासाठी,” अंजनी म्हणाली.

“एवढं एक झालं की आलोच.”

अंजनी त्यांच्यापुढे खाली बसली. तिने आवाज चढवला नाही.

“मामा, त्या दिवशी मी साडीसाठी दाराकडं बघत न्हवते. तवंदीच्या घाटातनं तुमी चालत आला असतासा तरी नवाला निघून अकराला पोचला असतासा. गाठोडं न आणता आला असतासा तरी चाललं असतं. आमास्नी फटफटी नको हुती, मामा पायजे हुता.”

तम्मण्णांची सुई हवेतच थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं. त्यांच्या बोटात अर्धवट ओढलेला धागा होता. मला वाटलं ते जोडतीलच. चाळीस वर्षांची सवय होती ती.

त्यांनी धागा सोडून दिला. साडी माझ्या सीटवर ठेवली, जयवंताचा हात धरला आणि ते जेवायला आत गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याजवळ बोलायला लागल्या की शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला टाकू नका. माझं मागणं वेगळं आहे. जुनी गाडी घ्याल तेव्हा आवाजावर जाऊ नका, तिचं पोट उघडायला लावा. आणि वाटेत ती बंद पडली, तुमची माणसं तिकडे वाट बघत असली, तर तिला झाडाखाली सोडा आणि चालू लागा. ती तुम्हाला तोंडाने सांगू शकणार नाही, पण तिचंही हेच म्हणणं असेल.

तो तुटका धागा आत्ता माझ्या सीटवरून लोंबतो आहे. वाऱ्याने हलतो आहे. आतून जेवणाऱ्यांचं बोलणं ऐकू येतं आहे, आणि त्यात तम्मण्णांचा आवाजही आहे.